डावी बाजू आदल्या दिवशी

मराठी ताटाला दोन बाजू असतात. वर मधोमध मीठ. त्याच्या डावीकडे लिंबाची फोड, लोणचे, चटणी, कोशिंबीर. उजवीकडे सुकी भाजी, पातळ भाजी किंवा आमटी आणि गोडाची वाटी. समोर भाताची मूद, तिच्यावर वरण आणि तुपाची धार. केळीचे पान मांडताना शेंडा जेवणाऱ्याच्या डाव्या हाताला येतो. निमुळत्या टोकाकडे चमचाभर वाढायचे पदार्थ जातात, रुंद भागाकडे डावाने वाढायचे. घराघरांत थोडाफार फरक असतो. कुठे चटणी लोणच्याच्या आधी येते, कुठे पापड-कुरडई वेगळ्या ताटलीत जाते. तरी डावी कोणती आणि उजवी कोणती, याबद्दल वाद नसतो.

ही मांडणी वाढप्यासाठी आहे असे समजले जाते. प्रत्यक्षात तिच्यात स्वयंपाकाचे वेळापत्रकही दडलेले आहे. डाव्या बाजूचे बहुतेक पदार्थ टिकाऊ असतात, कारण त्यांत मीठ, आंबट, तेल किंवा गूळ यांपैकी काहीतरी भरपूर असते. उजव्या बाजूचे पदार्थ काही तास आधी करून गरम करता येतात, आणि त्यांतले काही तर मुरल्यावरच चांगले लागतात. ऐन वेळी करण्यासारखे फार थोडे उरते: भात, तळण आणि पुरी किंवा पोळी. आठ-दहा पाहुण्यांना घरी जेवायला बोलावून यजमानाला त्यांच्याशी चार शब्द बोलायला मिळावेत असे वाटत असेल, तर बेत या हिशेबाने ठरवावा लागतो.

पाहुण्यांचे जेवण म्हणजे मोठी पंगत, ही कल्पना लग्नामुंजींतून घरात आली. पंगतीला आचारी असत, वाढपी असत, आणि घरच्या बायका शेवटच्या पंगतीला उरलेसुरले जेवत. आचारी गेले, वाढपी गेले, पण पदार्थांची यादी तेवढीच राहिली आणि तिचा सगळा भार घरातल्या एका बाईवर आला. पाच भाज्या, दोन गोड पदार्थ आणि तीन तळणे असलेले घरगुती जेवण बहुतेक वेळा दमलेल्या हातांनी वाढलेले असते, आणि पाहुण्यांना ते कळते. पदार्थ निम्मे करून प्रत्येकाकडे दुप्पट लक्ष देणे, हा त्यावरचा जुनाच उपाय आहे.

पाककृती लिहून ठेवण्याची परंपरा जुनी आहे. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या बाराव्या शतकातल्या ‘मानसोल्लास’ या ग्रंथात ‘अन्नभोग’ नावाचे प्रकरण आहे. त्यात मांडे आहेत, वडे आहेत. सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात तंजावरच्या मराठ्यांच्या आश्रयाने रघुनाथसूरींनी ‘भोजनकुतूहल’ लिहिले. हे ग्रंथ राजवाड्यातले. घरातल्या चुलीसाठी लिहिले गेले ते खूप नंतर. विसाव्या शतकाच्या आरंभी लक्ष्मीबाई धुरंधरांचे ‘गृहिणी-मित्र’ आले. १९७० साली कमलाबाई ओगल्यांचे ‘रुचिरा’ आले आणि स्वयंपाकाचे माप बदलले. शेर-तोळ्यांऐवजी आणि ‘अंदाजाने घालावे’ या शब्दांऐवजी त्यात वाटी आणि चमचा होता. ज्या मुलींना आईच्या हाताखाली शिकायला मिळाले नव्हते, त्यांना त्या मापाने उभे केले. पाहुण्यांच्या स्वयंपाकात तर हे माप फारच उपयोगाचे, कारण चौघांचा अंदाज हाताला असतो, दहांचा नसतो.

दहा माणसांचा एक साधा, शाकाहारी, दुपारचा बेत असा बसतो: श्रीखंड-पुरी, बटाट्याची सुकी भाजी, अळूचे फतफते, मसालेभात, साधा वरण-भात, काकडीची कोशिंबीर, पंचामृत, कोथिंबीर वडी, शेवटी मठ्ठा. यादी लांब दिसते, पण भात सोडला तर यातले ऐन वेळचे मोठे काम दोनच गोष्टींचे आहे, वड्या आणि पुऱ्या तळण्याचे. निवडीमागे आणखी एक हिशेब आहे. एक भाजी सुकी तर दुसरी पातळ. एक पिवळी तर दुसरी हिरवी. गोड गार तर भात गरम. गोडा मसाला तीन ठिकाणी पडतो, पण बटाट्याच्या भाजीत तो अजिबात नसतो. तिथे आले, हिरवी मिरची, कढीलिंब आणि लिंबू. सगळ्या पदार्थांना एकाच मसाल्याचा वास आला की दहा पदार्थ केले काय आणि चार केले काय, सारखेच.

कामाची सुरुवात गोडापासून होते, कारण त्याला सर्वांत जास्त वेळ लागतो आणि सर्वांत कमी मेहनत. संस्कृत पाकग्रंथांत दही आणि साखरेच्या पदार्थाला शिखरिणी म्हटले आहे. श्रीखंड त्याच कुळातले. रविवारी दुपारी जेवण असेल, तर शुक्रवारी रात्री म्हशीचे दोन लिटर साय न काढलेले दूध तापवून, कोमट करून विरजायचे. विरजण ताजे आणि गोडसर हवे, कारण दह्याचा आंबटपणा चक्क्यात उतरतो आणि साखर वाढवून तो झाकता येत नाही. शनिवारी सकाळी घट्ट लागलेले दही स्वच्छ पंचात बांधून सहा-सात तास टांगायचे. उन्हाळा असेल तर पुरचुंडी चाळणीत ठेवून, खाली पातेले घेऊन सगळे फ्रीजमध्ये ठेवलेले बरे. बाहेर टांगलेले दही पाणी सुटता सुटता आंबतही राहते.

दह्याच्या साधारण एकतृतीयांश चक्का मिळतो, म्हणजे दोन लिटरांचा सुमारे पावणेसातशे ग्रॅम. बाजारातल्या श्रीखंडात साखर बहुधा भरपूर असते. घरी पाचशे ते साडेपाचशे ग्रॅम पुरते. साखर चक्क्यात मिसळून दोन तास तसेच ठेवायचे, ती विरघळली की मिश्रण सैल होते, आणि मगच पुरणयंत्रातून किंवा चाळणीवरून काढायचे. हा दोन तासांचा थांबा वगळला की श्रीखंड दाताखाली कचकच लागते. कोमट दुधात खललेले केशर, वेलची आणि किंचित जायफळ शेवटी. मिक्सर फिरवू नये, चक्का पातळ होतो. परदेशातली मराठी घरे चक्क्याऐवजी ग्रीक योगर्ट वापरतात. तेही तासभर पंचात ठेवले तर फरक पडतो.

श्रीखंडाला पर्याय बासुंदी. दोन लिटर दूध मंद आचेवर आटवून निम्मे करायला दीड तास लागतो आणि त्या वेळात पातेल्याजवळून हलता येत नाही, पण हेही आदल्या दिवशीचे काम. पुरणपोळीचे तसे नाही. पुरण आदल्या दिवशी होते, कटाची आमटी तर मुरल्यावर अधिकच चांगली, परंतु दहा माणसांच्या पोळ्या लाटण्यात सगळी सकाळ जाते. सणाला पुरणपोळी आणि पाहुण्यांना श्रीखंड, ही वाटणी पुष्कळ घरांत उगीच रूढ झालेली नाही.

शनिवारची संध्याकाळ डाव्या बाजूची. पंचामृत या नावाने गोंधळ होतो. पूजेचे पंचामृत दूध, दही, तूप, मध आणि साखरेचे. ताटातले पंचामृत ही चिंच-गुळाची, मिरच्यांची आंबट-गोड-तिखट चटणीच. तेलात मोहरी, मेथीचे चार दाणे, हिंग, हळद. त्यावर आठ-दहा हिरव्या मिरच्यांचे तुकडे परतायचे. पाव वाटी शेंगदाणे, पाव वाटी सुक्या खोबऱ्याचे काप, अर्धी वाटी दाट चिंचेचा कोळ, तेवढाच गूळ, एक चमचा गोडा मसाला, मीठ. उकळून दाटसर झाले की भाजलेल्या तिळाचे दोन चमचे कूट. ताटात ते चमचाभरच वाढायचे असते, म्हणून चव ठासून भरलेली असावी. फ्रीजमध्ये चार-पाच दिवस सहज राहते.

कोथिंबीर वडीचेही अर्धे काम याच संध्याकाळी. दोन मोठ्या जुड्या निवडून, धुऊन, कापडावर पूर्ण सुकवून चिरायच्या. कोथिंबीर ओली राहिली तर बेसन जास्त लागते आणि वडी पिठूळ होते. बेसन, थोडे तांदळाचे पीठ, आले-मिरची, तीळ, हळद, चिमूटभर साखर, मीठ. वळकट्या करून वीस मिनिटे वाफवायच्या आणि पूर्ण गार झाल्यावरच कापायच्या. रात्रभर फ्रीजमध्ये राहिलेली वळकटी सुरीखाली तुटत नाही, त्यामुळे इथे आधी करणे ही सोय तर आहेच, पण वडीही चांगली होते. अळूवडीला हाच नियम.

अळूचे फतफते हा उजव्या बाजूचा पदार्थ असूनही आदल्या रात्री करण्यासारखा आहे. अळूच्या पानांत आणि देठांत कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक असतात, घशाला खाज येते ती त्यांनी. चिरताना हाताला तेल लावायचे, देठ सोलून घ्यायचे, अळू पूर्ण शिजवायचा आणि चिंचेत काटकसर करायची नाही. भिजवलेली हरभऱ्याची डाळ आणि शेंगदाणे अळूबरोबरच कुकरमध्ये शिजतात. नंतर अळू घोटून त्यात बेसन, चिंच, गूळ, गोडा मसाला, ओल्या खोबऱ्याचे काप, हवे तर काजू आणि मुळ्याच्या चकत्या. वर हिंग-मोहरीची खमंग फोडणी. रात्रभरात डाळीत आंबट-गोड मुरते. गरम करताना अर्धी वाटी पाणी लागते, कारण बेसनाने ते आळते.

गोडा मसाल्याचे नाव फसवे आहे. तो गोड नसतो. मिरचीचा तिखटपणा त्यात जवळजवळ नसतो, एवढेच. धणे, जिरे, तीळ, सुके खोबरे यांच्या बैठकीवर लवंग, दालचिनी, तमालपत्र, नागकेशर आणि दगडफूल. दगडफुलाला कच्चेपणी काही वास नसतो, तेलावर परतल्यावर मात्र मसाल्याची सगळी ओळख त्याच्यापासून येते. मसाला तयार आणला तरी बिघडत नाही, जुना मात्र नको. तीळ-खोबऱ्याला खवट वास येतो आणि तो मसालेभातात लपत नाही.

मसालेभात हा या बेतातला एकमेव पदार्थ ज्यात मापाला फारशी सूट नाही. तांदूळ जुना घ्यावा, कोलम किंवा तसाच सडसडीत. आंबेमोहोर सुवासिक खरा, त्याला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळाले, पण त्याचा दाणा आखूड आणि शिजल्यावर मऊ. त्याची जागा वरण-भातात. मसालेभाताचे तीन वाट्या तांदूळ धुऊन अर्धा तास निथळत ठेवायचे. जाड बुडाच्या पातेल्यात पाऊण वाटीला दोन-तीन चमचे कमी, एवढ्या तेलात मोहरी, हिंग, हळद, कढीलिंब आणि मूठभर काजू. मग पाव किलो तोंडल्यांच्या उभ्या फोडी. वांगी किंवा मटारही चालतात. फोडी अर्ध्या शिजल्या की तांदूळ, आणि तो झाऱ्याला हलका लागेपर्यंत परतणे. परतताना घाई झाली की भाताचा गोळा होतो. तीन चमचे गोडा मसाला, एक चमचा धणे-जिरे पूड, दोन चमचे दही, मीठ, गुळाचा लहान खडा. सहा वाट्या आधणाचे, म्हणजे खरोखर उकळते पाणी. उकळी आली की झाकण, मंद आच, पंधरा ते अठरा मिनिटे. नंतर आच बंद करून दहा मिनिटे हात लावायचा नाही. वाढताना ओले खोबरे, कोथिंबीर, आणि वर तूप. ते साजूक हवे.

साध्या भाताला दोन वाट्या तांदूळ आणि वरणाला दीड वाटी तूरडाळ पुरते. वरणात हळद, हिंग, मीठ, गूळ, फोडणी नाही. पहिला घास वरण-भाताचा आणि शेवटचा ताक-भाताचा, या जुन्या क्रमामुळे साधा भात वगळता येत नाही. मसालेभात कितीही चांगला झाला तरी वरण-भात नसलेले जेवण अनेकांना जेवण वाटत नाही.

रविवारची सकाळ मग हलकी राहते. दहाच्या सुमारास सव्वा किलो बटाटे आणि डाळ कुकरमध्ये. अकरा-साडेअकराला बटाट्याची भाजी. बटाटे गार होऊ देऊन हाताने मोडले तर फोडी नीट राहतात. बाराला मसालेभात चढतो. त्याच्या पाठोपाठ अळू मंद आचेवर गरम व्हायला, आणि पुरीची कणीक. ती घट्ट हवी, आणि मळून फार वेळ ठेवू नये. सैल कणकेची पुरी तेल पिते. चमचाभर रवा घातला तर पुरी फुगलेली राहते. तेल चांगले तापलेले असावे, कारण पुरी फुगते ती आतल्या पाण्याची एकदम वाफ झाल्याने; कोमट तेलात वाफ हळूहळू निघून जाते आणि पुरीची पापडी होते.

कोशिंबीर सगळ्यांत शेवटी, आणि तिच्यातही मीठ सगळ्यांत शेवटी. काकडी सकाळी कोचवून ठेवता येते, दाण्याचे कूट, मिरची, ओले खोबरे बाजूला काढून ठेवता येते. पण मीठ पडले की काकडी पाणी सोडू लागते आणि पाऊण तासात कोशिंबिरीची आमटी होते. ताट वाढायच्या आधी पाच मिनिटे लिंबू, साखर, मीठ, कूट कालवायचे आणि वर तूप-जिऱ्याची फोडणी. डाव्या बाजूचा हा एकच पदार्थ आदल्या दिवशी होत नाही.

हा बेत पुण्या-मुंबईच्या बाजूचा. इतरत्र पदार्थ बदलतात. विदर्भात कोथिंबिरीलाच सांबार म्हणतात, तेव्हा तिथली सांबारवडी आणि इथली कोथिंबीर वडी यांना एकच समजू नये. सांबारवडीत कोथिंबिरीचे सारण पारीत गुंडाळून तळलेले असते. तिथल्या पाहुण्यांच्या जेवणात पाटवडीचा रस्सा असतो: थापून कापलेल्या बेसनाच्या वड्या सकाळी तयार, रस्सा आधी तयार, आणि दोघांची गाठ ताटात. रश्शात वड्या आधीच सोडल्या तर त्या रस्सा पिऊन फुगतात. खानदेशात हिवाळ्यात भरीत. जळगावच्या भरिताच्या वांग्यालाही भौगोलिक मानांकन आहे. वांगी काटक्यांवर भाजून, मिरची-लसणाबरोबर ठेचून, कळण्याच्या भाकरीशी खायची. तिथे ताटाला दोन बाजू शोधत बसावे लागत नाही; भरीत, भाकरी, कांद्याची पात आणि बेत पूर्ण. या लेखातल्या सगळ्या बेतांत साधेपणाला सर्वांत जवळचा हाच. गोव्यात सारस्वत घरांत सणावाराला खतखते असते, अनेक भाज्यांचे, तिरफळाच्या वासाचे; एका पातेल्यात चार भाज्यांचे काम होते.

मांसाहारी जेवणात कोल्हापूरने हाच हिशेब वेगळ्या रीतीने सोडवला आहे. मटण एकदाच शिजते. त्याच्या अळणी पाण्याचे दोन भाग होतात: एकात कांदा-लसूण मसाला जाऊन तांबडा रस्सा, दुसऱ्यात नारळाचे दूध, खसखस, काजू जाऊन पांढरा. उरलेल्या फोडींचे सुके मटण. एका शिजवणीत ताट भरते आणि तीन चवी तीन वाटांनी जातात. पांढरा रस्सा मात्र गरम करताना सतत ढवळावा लागतो, जोरात उकळला तर फाटतो. कोकणात मासे त्याच सकाळचे हवेत. तरी बांगड्याचे तिखले आदल्या रात्री करता येते, सोलकढीसाठी कोकम भिजवून त्याचे पाणी काढून ठेवता येते, आणि जेवणाच्या वेळी कढईत फक्त तळायच्या तुकड्या राहतात.

वाढण्यालाही क्रम आहे. आधी मीठ, मग डावी बाजू, मग भाज्या, भात-वरण, तूप, आणि तूप पडल्याशिवाय जेवायला सुरुवात होत नाही. टेबलावर भांडी मांडून ज्याने-त्याने घ्यायची रीत आता सर्वत्र आहे, तिला नाके मुरडण्याचे कारण नाही. फक्त डावी बाजू आधीच ताटांत वाढून ठेवावी. ज्याने-त्याने घ्यायच्या जेवणात पंचामृत आणि कोशिंबीर नेहमी मागे राहते, आणि त्यांच्याशिवाय बटाट्याची भाजी आणि अळू दोन्ही बोथट लागतात. आग्रह पहिल्या पुरीपर्यंत ठीक. श्रीखंड लहान वाटीत वाढावे; ज्याला हवे तो मागून घेतो, ज्याला साखर वर्ज्य आहे त्याला दोन चमच्यांवर सोडता येते. मठ्ठ्यात आले, हिंग, जिरे, कोथिंबीर, आणि तो गार असावा.

उरलेल्याचा हिशेबही बेत ठरवतानाच करावा. श्रीखंड दोन-तीन दिवस फ्रीजमध्ये राहते. साध्या भाताला सोमवारी सकाळी फोडणी बसते, मात्र तो रविवारी जेवणे झाल्याबरोबर फ्रीजमध्ये गेलेला असावा. ओले खोबरे घातलेला मसालेभात रात्रीच संपवावा. उरलेल्या वड्यांच्या वळकट्या न तळता ठेवल्या तर मंगळवारपर्यंत चालतात. कोशिंबीर उरत नाही. उरलीच तर टाकावी लागते.